एस. टी.चे कर्तव्य आणि १९५० चा कायदा

(जालना जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



एस. टी.चा विषय निघाला की आपल्याकडे तिकिटाचा दर, कामगारांचा पगार आणि महामंडळाचा तोटा या तीन गोष्टींची चर्चा होते. तिन्ही महत्त्वाच्या आहेत. परंतु गावात गाडी येणे हा गावकऱ्याचा हक्क आहे की महामंडळाची मेहेरबानी, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर ज्या कायद्यात शोधावे लागते, तो मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम १९५० सालचा आहे. कलमांचे वाचन कंटाळवाणे असते हे मला ठाऊक आहे. पण थोडी कळ काढावी.

या कायद्याचे १८ वे कलम महामंडळाचे सर्वसाधारण कर्तव्य सांगते. राज्यात कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र अशी रस्ता वाहतूक सेवा पुरविणे किंवा ती पुरविली जाईल असे पाहणे, हे ते कर्तव्य. शब्द उत्तम आहेत. परंतु त्याच कलमाला एक परंतुक जोडलेले आहे. या कलमामुळे महामंडळावर न्यायालयात दाद मागून बजावून घेता येईल असे कोणतेही नवे कर्तव्य वा दायित्व येते, असा अर्थ काढता येणार नाही, असे ते परंतुक म्हणते. म्हणजे पुरेशी सेवा देणे हे कर्तव्य आहे. पण ‘पुरेशी’ म्हणजे किती हे कायदा सांगत नाही, आणि ती मिळाली नाही म्हणून या कलमाच्या आधारे कोर्टात जाण्याची वाटही ठेवीत नाही.

ही शब्दरचना आपल्या देशात जन्मलेली नाही. ॲटलींच्या मजूर सरकारने १९४७ साली ब्रिटनमध्ये वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला. तेथील परिवहन आयोगाचे कर्तव्य जवळजवळ याच शब्दांत सांगितले होते आणि कोर्टाची वाट बंद करणारी तरतूदही त्यात होती. सार्वजनिक उद्योगावर लक्ष पार्लमेंटने ठेवावे, न्यायाधीशांनी नव्हे, ही त्यामागची भूमिका त्या काळी समजण्यासारखी होती. परंतु ब्रिटन तेथेच थांबले नाही. बार्बरा कॅसल यांनी तयार केलेल्या १९६८ च्या परिवहन कायद्याने तोट्यातल्या पण समाजाला आवश्यक असलेल्या रेल्वे सेवांना सरकारी अनुदान देण्याची आणि ग्रामीण बससेवांना स्थानिक संस्थांनी अर्थसाहाय्य करण्याची सोय केली. पुढे थॅचरबाईंच्या १९८५ च्या कायद्याने लंडनबाहेरची बसवाहतूक बाजाराच्या स्वाधीन केली. तरीदेखील जेथे बाजार गाडी चालवीत नाही, तेथे स्थानिक संस्थेने पैसे मोजून ती चालवून घ्यावी, ही तरतूद त्यांनाही ठेवावी लागली. आपण मात्र १९४७ चे वाक्य उचलले आणि त्यालाच धरून बसलो. १९८२ साली या कायद्यात दुरुस्त्या झाल्या, पण हे परंतुक कायम राहिले.

आता २२ वे कलम पाहा. महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर करावा, असे ते सांगते. आणि ३४ वे कलम राज्य सरकारला अधिकार देते, की त्याने महामंडळाला सर्वसाधारण सूचना द्याव्यात व महामंडळाने त्या पाळाव्यात. एका कलमाने व्यापार कर म्हणायचे आणि दुसऱ्याने सरकारचे ऐक म्हणायचे! सरकार सांगते ते समाजाच्या हिताचे असेलही. २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांना मोफत प्रवास मिळाला; २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. माझ्या मते हे दोन्ही निर्णय योग्य आहेत. लेकी-सुना माहेरी, दवाखान्यात, बाजाराला जाऊ लागल्या. पण या सवलतींचे पैसे सरकारने महामंडळाला किती दिवसांत द्यावेत, हे १९५० चा कायदा सांगत नाही. प्रतिपूर्ती उशिरा आणि अपुरी येते, ही महामंडळाची जुनी तक्रार आहे. शिवाय १९५८ च्या कायद्यान्वये प्रवाशाच्या तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतला गेला, तो वेगळाच. जून २०२५ मध्ये सरकारनेच काढलेल्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांहून अधिक दाखविला आहे. आणि ३० वे कलम काय सांगते? नफ्यातून प्रवाशांच्या सोयी, कामगारकल्याण आणि विस्तार यांवर खर्च करून उरलेली रक्कम राज्य सरकारला रस्तेविकासासाठी द्यावी. हे कलम आज वाचताना हसावे की रडावे ते कळत नाही.

या सगळ्याचा आपल्या जिल्ह्याशी काय संबंध? जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. तालुके आठ आणि एस. टी.ची आगारे चार: जालना, अंबड, परतूर आणि जाफराबाद. रेल्वे जालना, बदनापूर आणि परतूर या गावांवरून जाते. भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी व मंठा या तालुक्याच्या ठिकाणांना रेल्वे नाही. तेथे सरकारी वाहतूक म्हणजे एस. टी. आणि एस. टी. नसेल तेव्हा काळी-पिवळी जीप, जिच्या टपावरही माणसे बसतात. गाड्या कमी पडल्या की आगारप्रमुख पहिली काट कोठे मारतो? जालना-छत्रपती संभाजीनगर मार्गावर नव्हे. तेथे भारमान असते. काट बसते ती आडवळणाच्या गावाच्या संध्याकाळच्या फेरीला आणि मुक्कामी गाडीला. लग्नसराईत प्रासंगिक करारावर, आषाढीत पंढरपूरला, अंगारकीला राजूरच्या गणपतीला गाड्या जातात. यात्रेकरूंची सोय व्हायलाच हवी, पण त्या दिवशी कोणाची फेरी रद्द झाली याची फलकावर दोन ओळींचीही सूचना नसते. आगारप्रमुखाला मी दोष देत नाही. २२ वे कलम त्याला हेच करायला सांगते.

ही फेरी बंद पडल्याचा हिशेब महामंडळाच्या कोणत्याही ताळेबंदात येत नाही. संध्याकाळची गाडी बंद झाली की दहावीनंतर तालुक्याला शिकायला जाणाऱ्या मुलीचे कॉलेज सुटते. बाप म्हणतो, जीपने अंधारात यायचे नाही. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींसाठी ज्या गाड्या मिळाल्या, त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली: सरकारने ठरावीक कामासाठी गाडी आणि पैसा दिला, की त्याच एस. टी.चे तेच चालक-वाहक ते काम करून दाखवितात.

काही मित्र विचारतील, मग विलीनीकरणाचे काय? मराठवाड्याला याची आठवण असली पाहिजे. निजामी राज्यात १९३२ पासून सरकारी बसगाड्या रेल्वेसह एका खात्याकडे होत्या आणि १९६१ साली महाराष्ट्राच्या महामंडळात समावेश होईपर्यंत येथील एस. टी. हे सरकारी खातेच होते. २०२१ च्या ऑक्टोबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत कामगार विलीनीकरणासाठी संपावर होते. तुटपुंज्या आणि उशिरा मिळणाऱ्या पगाराने गांजलेल्या काहींनी जीव दिला. पगाराची त्यांची मागणी न्याय्य होती. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने विलीनीकरण नाकारले. आंध्र प्रदेशाने मात्र १ जानेवारी २०२० पासून आपल्या महामंडळाचे कर्मचारी सरकारी सेवेत घेतले. तेव्हा ते अशक्य आहे असे मी म्हणणार नाही. पण कर्मचारी सरकारी झाल्याने ‘पुरेशी’ या शब्दाचा अर्थ आपोआप ठरत नाही. प्रवासी त्या वाटाघाटीत कोठेच नव्हता. कामगार संघटनांनी हे मनावर घेतले तर प्रवासी त्यांच्या बाजूने उभा राहील. संपाच्या काळात तो तितकासा राहिला नाही, हे आपण गावोगाव पाहिले.

माझी मागणी अशी आहे. १८ व्या कलमातले परंतुक काढावे आणि ‘पुरेशी’ची व्याख्या करावी: अमुक लोकसंख्येच्या गावाला दिवसातून किमान इतक्या फेऱ्या, त्यातील एक शाळा-कॉलेज सुटल्यानंतरची. फेरी कायमची बंद करण्यापूर्वी ग्रामसभेचे म्हणणे ऐकण्याचे बंधन घालावे. आणि सरकारने सवलत जाहीर केली तर तिचे पैसे आगाऊ द्यावेत. ही कल्पना माझी नव्हे. २००३ च्या विद्युत अधिनियमाचे ६५ वे कलम हेच सांगते: राज्य सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल तर त्याने रक्कम आगाऊ भरावी, न भरल्यास त्याचा आदेश लागू राहत नाही. वीज कंपनीला जे संरक्षण, ते एस. टी.ला का नाही? अर्थात शिक्षा सरकारला व्हावी, वृद्धाची सवलत जाऊ नये. म्हणून येथे थकीत रकमेवर व्याजाची तरतूद करणे बरे.

कायदा संसदेचा आहे, तो बदलायला वेळ लागेल. तोपर्यंत राज्य सरकारने ३४ व्या कलमाचाच उपयोग करून किमान फेऱ्यांची सूचना द्यावी आणि तिच्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद करावी. ही मागणी आकड्यांशिवाय कोणी ऐकणार नाही. म्हणून प्रत्येक शाखेने एक वही घालावी. आपल्या गावाची कोणती फेरी, कोणत्या तारखेला, आली की नाही, उशीर किती, कारण काय सांगितले, एवढेच रोज लिहावे. शाळेतल्या मुली हे काम आपल्यापेक्षा नीट करतील. तीन महिन्यांच्या वह्या जमल्या की त्या घेऊन आपण प्रथम जालन्यात विभाग नियंत्रकांकडे जाऊ आणि त्यानंतर हिवाळी अधिवेशनाला नागपूरला. जाताना एस. टी.नेच जाऊ.