अवचित येणारी परीक्षा



शाळेतील परीक्षेचा दिवस आधी कळतो. वेळापत्रक हाती येते, अभ्यासाला अवधी मिळतो. देव जी परीक्षा घेतो, तिला मात्र वेळापत्रक नसते. आणि ती परीक्षा होती हेसुद्धा पुष्कळदा ती आटोपल्यावरच आपल्या ध्यानात येते.

प्रभू येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत ख्रिस्ती माणूस रोज मागणे मागतो की, आपल्यावर परीक्षेचा प्रसंग न यावा. त्याच नव्या करारातील याकोबाचे पत्र मात्र सांगते की, परीक्षा आल्या तर आनंद माना, कारण त्यांतून धीर उत्पन्न होतो. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा? मूळ ग्रीक भाषेत ‘कसोटी’ आणि ‘मोह’ या दोन्ही अर्थांना एकच शब्द आहे. प्रसंगही एकच असतो. त्यात देव आपले सत्त्व पाहत असतो, आणि आपली वासना त्यातच पळवाट शोधीत असते. देव कोणालाही पापाचा मोह घालीत नाही, असे याकोब स्पष्ट सांगतो. म्हणून परीक्षा मागून घेण्यात पुरुषार्थ नाही. ती आली असता पाठ फिरवू नये, एवढेच आपले काम.

पेत्राची गोष्ट आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. येशूला धरावयास हत्यारबंद लोक आले, तेव्हा याच पेत्राने तरवार उपसली होती. प्राण देण्याची त्याची तयारी खोटी नव्हती. परंतु त्याच रात्री महायाजकाच्या वाड्यात दारावरच्या एका दासीने त्याला सहज विचारले की, तूही त्या मनुष्याच्या शिष्यांपैकीच ना? आणि तो नाही म्हणाला. अंगणात कोळशांची शेकोटी पेटली होती. तिच्यापाशी ऊब घेत असताना त्याने तेच उत्तर पुन्हा दिले. तरवारीपुढे जो डगमगला नाही, तो दासीच्या प्रश्नापुढे ढासळला. कारण तरवार दिसताच परीक्षा ओळखू आली होती. प्रश्नात ती ओळखू आली नाही.

आपल्या संसारातही हेच घडते. तिकिटाच्या खिडकीपाशी बाप मुलाचे वय एक वर्षाने कमी सांगतो, आणि बोट धरून उभे असलेले मूल ते ऐकते. दुकानदार चुकून जास्त मोड परत देतो. कचेरीत दुसऱ्याने केलेल्या कामाचे श्रेय आपल्या नावावर पडते, आणि गप्प राहिले की भागते. काही परीक्षा अशा क्षणाच्या असतात, तर काही फार लांबतात. अंथरुणाला खिळलेल्या सासूची शुश्रूषा पहिल्या आठवड्यात सर्वांनाच जमते. तिसऱ्या महिन्यात, रात्री तिसऱ्यांदा हाक आली असता जो स्वर आपल्या तोंडून निघतो, तो आपल्या श्रद्धेचे खरे उत्तर असते.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी यांचाही वियोग झाला. पुढे १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु दीक्षेने दुःखाचा मार्ग बंद झाला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अन्नान्न झालेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. ज्या बाईने स्वतः उपवास काढले होते, तिला त्या मुलींचे डोळे वाचता आले. मागील परीक्षेत जे सोसले, तेच पुढील परीक्षेत उपयोगी पडले.

शेवटचा आघात १९२१ सालच्या जुलै महिन्यात झाला. एकुलती एक कन्या मनोरमा, जिच्यावर पुढील सारा भार सोपवावयाचा होता, तीच गेली. रमाबाई तेव्हा बायबलाच्या मराठी भाषांतरात गढल्या होत्या. अल्पशिक्षित बायकांनाही समजावे, असे ते साधे भाषांतर त्या मूळ हिब्रू व ग्रीकवरून करीत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले की नाही, हे आपण सांगू शकत नाही. हाती घेतलेले काम त्यांनी दुसऱ्या दिवशीही केले, एवढे मात्र आपण जाणतो.

आणि जो नापास झाला, त्याचे काय? पुनरुत्थानानंतर गालील समुद्राच्या काठी पेत्राला पुन्हा एकदा कोळशांची शेकोटी दिसते. तीन वेळा नाकारणाऱ्याला येशू तेथे तीन वेळा एकच प्रश्न विचारतो, तुझी माझ्यावर प्रीती आहे काय? मागचा हिशेब तो काढीत नाही. कळप चारण्याचे काम सांगतो. देवाच्या शाळेत परीक्षा पुन्हा देता येते. ती उद्या सकाळी, कदाचित तिकिटाच्या त्याच खिडकीपाशी, पुन्हा आपली वाट पाहत असेल.