डाक बंगल्याचे देखणेपण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने गावोगावी जे मुक्कामाचे बंगले बांधले, त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे. आपली आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती, पण भोवतीचा बराचसा मुलूख खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालचा. १८७६-७८ चा दुष्काळ पडला, माणगंगेवर राजेवाडीचा तलाव उभा राहिला, मोजणी, जमाबंदी आणि पाटबंधाऱ्याच्या कामासाठी साहेबांचे दौरे होत राहिले. त्यांना मुक्कामाला जागा हवी होती. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये अशा बंगल्यांची आणि धर्मशाळांची दखल आहे. माझे म्हणणे असे की या बंगल्यांचे देखणेपण उन्हाला दिलेल्या उत्तरातून आलेले आहे, आणि त्या उत्तरातला मोठा वाटा इथल्या कारागिरांचा आहे.

बांधणी पाहा. काळ्या दगडाचे उंच जोते, दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, मध्ये बैठकीची खोली, दोन्ही अंगांना निजायच्या खोल्या, मागे न्हाणी. स्वयंपाकघर मात्र धूर आणि आगीच्या भयाने वेगळे. समोर खोल व्हरांडा. उन्हाळ्यात दुपारचे ऊन भिंतीला शिवलेच नाही तर भिंत तापत नाही, एवढ्या साध्या हिशेबावर हा व्हरांडा उभा आहे. छताजवळच्या झरोक्यांतून तापलेली हवा वर निघून जाते. कौलांखाली लाकडी तक्तपोशी असेल तर मधल्या हवेचा थर उष्णता अडवतो. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि ती सपाट, खाचेची कौले पुढे दूरवर पोहोचली. त्यांच्यामुळे छपराला हलकी, सरळ उतरण देता आली. कापीव लाकडी झालर, ओतीव लोखंडाचे तुकडे ही त्या काळाची हौस. पण डोळा थांबतो तो त्यांच्यावर नव्हे. ठेंगण्या, जड भिंतींवर उंच छप्पर आणि दोहोंमध्ये सावलीचा सलग पट्टा, या प्रमाणावर तो थांबतो.

हे सारे कचेरीतल्या ठराविक नकाशांवरून झाले, यात कसली वास्तुकला, असा आक्षेप येईल. नकाशा ठराविक होता हे मान्य. परंतु दगड घडवणारे पाथरवट आणि वडार, चुना मळणारे, लाकूडकाम करणारे सुतार याच मुलखातले होते. आपल्या माणदेशी घराने उन्हाला वेगळे उत्तर दिले आहे: जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचे माळवद, ढेलज ओलांडून आत सोपा. ते घर तोंड आत वळवून उन्हापासून आणि परचक्रापासून बचावते. बंगला तोंड बाहेर करून बसतो, कारण त्याला धास्ती नव्हती. राज्य त्याचेच होते. तरी ओसरीची सवय असलेल्या हातांना खोल व्हरांडा परका वाटण्याचे कारण नव्हते.

याहून जड आक्षेप वेठबिगारीचा आहे. दौऱ्यावरच्या साहेबासाठी गवत, लाकूडफाटा, कोंबड्या गावाने पुरवायच्या. खरसुंडीच्या यात्रेला निघालेला शेतकरी मात्र गाडीखाली किंवा धर्मशाळेत निजायचा. साहेब जोत्यावर खुर्चीत, रयत पायऱ्यांखाली उभी, ही विषमता त्या उंचीतच बांधलेली आहे. मी ती झाकू इच्छित नाही. पण म्हणून इमारत पाडली तर पुरावाही जातो. वेठीच्या आठवणीने वाडे आणि गढ्या पाडायच्या ठरवल्या तर किती उरतील? राबणाऱ्यांचे कसब त्या दगडात आहे, आणि त्याचे श्रेय अजून त्यांना मिळालेले नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. जुने छप्पर गळते, म्हणून स्लॅब टाकावा, चुन्याचे सांधे सिमेंटने भरावेत, व्हरांडा काचेने बंद करून एसी लावावा, असा सल्ला सर्रास मिळतो. सिमेंट ओल आत कोंडते; भिंतीतला मऊ चुना त्याने आतून खचत जातो. व्हरांडा बंद केला की जे काम सावली फुकट करत होती त्याचे वीजबिल दरमहा भरावे लागते. कौले काढून पुन्हा शाकारणे, चुन्यानेच सांधे भरणे, याला दरवर्षी थोडा खर्च येतो. तो टाळल्यामुळेच पुढे मोठा येतो. तेव्हा आपल्या तालुक्यात किंवा शेजारी असा बंगला उभा असेल, तर त्याच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात सिमेंटऐवजी चुना लिहा असा अर्ज ग्रामपंचायतीने आणि नागरिकांनी बांधकाम विभागाकडे या पावसाळ्यापूर्वी द्यावा, आणि त्याआधी आपल्या अभियांत्रिकीच्या मुलांकडून त्या इमारतीची मोजमापे घेऊन नकाशे करून ठेवावेत.