मुंबईचा विमानतळ कोणता, ते आधी बघा

आम्ही आंबागडच्या बचत गटातल्या बाया.

मुंबईला आपण बहुतेक रेल्वेनेच जातो. पण घरातल्या आजारी माणसाला परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचं असलं, आणि त्याला रात्रभर गाडीत बसवत नसलं, की मुलगा किंवा जावई विमानाचं तिकीट काढून पाठवतो. तिकीट हातात येतं, पण सोबत जाणाऱ्या बाईला धास्ती वाटते. म्हणून आम्ही वाट नीट समजून घेतली. तीच आज सांगतो.

आधी नागपूर. तुमसरहून भंडारामार्गे एसटीने जाता येतं. नागपुरात शिरताना भंडारा रोडवर प्रजापती नगर हे मेट्रोचं स्टेशन लागतं. गाडी तिथं थांबेल का, ते कंडक्टरला विचारा. मेट्रोने सीताबर्डीला या, तिथं गाडी बदला आणि एअरपोर्ट स्टेशनला उतरा. हे स्टेशन वर्धा रोडवर आहे, पुढे विमानतळाच्या दारापर्यंत ऑटो करा. विमान सुटायच्या दोन तास आधी पोचा. आधार कार्ड आणि रोग्याची फाईल हातातल्या पिशवीतच ठेवा. रोग्याला चालवत नसेल तर चाकाच्या खुर्चीचं तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

आता मुंबई. तिथं आता दोन विमानतळ आहेत. जुना सांताक्रूझ-अंधेरीकडे, त्यातही टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगवेगळे. नवा पनवेलजवळ उलव्याला, नवी मुंबईचा. त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. दोन्हींच्या मध्ये खाडी आहे. न्यायला येणारा अंधेरीला उभा आणि तुम्ही उलव्याला, असं व्हायला नको. तिकिटावर विमानतळाचं नाव आणि टर्मिनलचा आकडा वाचा, आणि घेणाऱ्याला तोच फोनवर सांगा.

जुन्या विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलला भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. परळला जायचं तर दादरला उतरून टॅक्सी करा. सरस प्रदर्शन जिथं भरत आलं आहे, ते वांद्रे-कुर्ला संकुलही याच मार्गावर आहे.

रोगी थकलेला असेल तर विमानतळातच आधी पैसे भरून टॅक्सी मिळते, पावती घ्या. बाहेर कोणी बॅग ओढायला लागला तर त्याच्या मागे जाऊ नका. आणि एक ध्यानात ठेवा, मुंबईत रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पुढे परळकडे जात नाही. तिथं टॅक्सीच लागते.

मैत्रिणींनो, मुंबईत मराठी चालते. वर्दीतल्या माणसाला, तिकीट खिडकीवर, बिनधास्त विचारा. आज सांगितलेलं वहीत लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. गरज कोणत्या घरी कधी पडेल, सांगता येत नाही. येतो आम्ही. नमस्कार.