हात कसा तयार होतो?

(पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



आपले मूल डॉक्टर व्हावे, अशी पुष्कळ पालकांची इच्छा असते. परंतु प्रवेश परीक्षेच्या गुणांनंतर डॉक्टरचा हात कसा तयार होतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

इ.स. ९३१ मध्ये बगदाद शहरी वैद्याच्या चुकीने एक रोगी दगावला. तेव्हा खलिफा अल-मुक्तदिर यांनी, परीक्षेवाचून कोणी वैद्यकी करू नये, असा हुकूम काढला. परीक्षेचे काम सिनान इब्न साबित यांच्याकडे सोपविले. ८६० हून अधिक हकिमांची परीक्षा झाली, असे जुने इतिहासकार सांगतात. याच्या हाती रोगी सोपवावा काय, एवढाच तो प्रश्न होता.

आजही तो सुटलेला नाही. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, हेच उदाहरण घ्या. डाव्या हाताने चाके फिरवून नळीचे टोक वळवायचे, उजव्या हाताने नळी पुढे सरकवायची आणि नजर पडद्यावर ठेवायची. नळीला आत वेढा पडला तर रोग्याला कळ येते. जोर केला तर आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. हे पुस्तक पाठ करून येत नाही.

मग शिकाऊ डॉक्टर तयार झाला हे ठरवायचे कसे? अमेरिकेत पूर्वी १४० तपासण्या हा किमान आकडा मानीत. पुढे मेयो क्लिनिकच्या २०११ सालच्या अभ्यासात, पुरेसे कौशल्य येण्यास सरासरी २७५ तपासण्या लागतात, असे दिसले. पण सरासरी ती सरासरीच. कोणाचा हात लवकर बसतो, कोणाचा उशिरा.

म्हणून ब्रिटनमध्ये केवळ संख्या मोजून थांबत नाहीत. अनुभवी डॉक्टर शेजारी उभे राहून संपूर्ण तपासणी पाहतात. रोग्याला नीट समजावून संमती घेतली का, वेढा कसा सोडविला, नळी बाहेर काढताना आतडे बारकाईने पाहिले का, या प्रत्येक बाबीची वेगळी नोंद होते. शिकाऊ डॉक्टरला किती मदत लागली, यावरून चार पायऱ्या ठरतात. 'मदतीशिवाय करू शकतो' ही शेवटची. शिवाय शंभरांपैकी निदान नव्वद वेळा नळी आतड्याच्या टोकापर्यंत पोचली पाहिजे. नोंदीनंतर उस्ताद शागिर्दाला उणिवा लगेच सांगतो.

आता आपल्या शाळांकडे पाहा. प्रयोगवही मित्राची उतरवून काढलेली असते आणि प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी गुण पडतात. गुणपत्रिका पाहून घरी पेढे वाटले जातात. त्या मुलाने परीक्षानळी कधी हाती धरली होती काय, हे कोणी विचारत नाही. उद्या त्याच्या हाती जिवंत माणूस येणार आहे.

पालकहो, 'किती मार्क पडले?' हे अवश्य विचारा. त्याबरोबर, 'मागच्या महिन्यात येत नव्हते असे काय आज तुला मदतीशिवाय येते?' हेही विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, उत्तर देता आले नाही तर दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आम्हा शिक्षकांना गाठा.

खुदा हाफिज.