धार कोणाच्या हातात?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



विळी, विळा, खुरपे, कोयता ही रोज बाईच्या हातात असणारी हत्यारे. धार लावायची म्हटले की मात्र ती जातात लोहाराकडे, नाहीतर दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. बोथट पात्याचा ताण मात्र तिच्या मनगटालाही तेवढाच. म्हणून गटाने बेल्ट ग्राइंडर घेतला, तर बटण दाबण्यापुरते शिकून भागणार नाही. कोणता बेल्ट लावायचा हे आपल्याला ठरवता आले पाहिजे. ते दुकानदारावर किंवा कुणाच्या दिरावर सोडले, तर यंत्र आपले आणि हुकूम दुसऱ्याचा.

बेल्टच्या आतल्या बाजूला नंबर छापलेला असतो. नंबर जितका लहान तितके कण जाड. पात्याला खाचा पडल्या असतील तरच ६० किंवा ८० नंबर लावा. तो पोलाद भराभर खातो. कोयता-विळ्याच्या नेहमीच्या धारेला १२० पुरतो. स्वयंपाकघरातली सुरी आणि विळीचे पाते २४० वर करून ४०० वर हलकेच फिरवावे. दातेरी विळा मात्र या पट्ट्यावर घासू नका, दातेच जातील.

साध्या पोलादाला अॅल्युमिनियम ऑक्साइडचा बेल्ट पुरतो आणि तो स्वस्त पडतो. झिरकोनिया, सिरॅमिक महाग. त्यांचे कण जोराच्या दाबाखालीच नीट काम करतात. नाजूक धारेसाठी तो खर्च कशाला? पाठ कापडाची हवी, आणि वाकड्या विळ्याला लवचीक कापडाची.

झिजलेला बेल्ट काटकसर म्हणून ओढत राहू नका. तो कापत नाही, तापवतो. धार निळी पडली की पात्याचे पाणी उतरले. असे पाते लगेच बोथटते आणि गिऱ्हाईक परत येत नाही. शेजारी पाण्याची बादली ठेवा, चटका जाणवण्याआधीच पाते बुडवा. धार बेल्टच्या चालीच्या दिशेला ठेवा; उलट धरली तर पाते बेल्टमध्ये रुतते.

पदर खोचून, वेणी बांधून, बांगड्या उतरवूनच यंत्राशी उभे राहायचे. चष्मा आणि मास्क हवाच. हातमोजे नकोत, ते बेल्टमध्ये ओढले जातात.

एक वही ठेवा. एका बेल्टवर किती हत्यारे झाली, ते लिहा. त्यावरून दर ठरवा आणि त्यात वीज व बेल्टबरोबर आपली मजुरीही धरा. बायकांच्या कामात नेमकी तीच विसरली जाते.

आता दोघी-दोघी पुढे या. आधी बेल्टचा नंबर वाचा, मग बटण दाबा.