मोडलेल्या हाडाच्या खाली बघा

(पाड्यांवरील आरोग्य स्वयंसेवकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. पण सातपुड्यातल्या पाड्यांवर फिरताना एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. कोणी आंब्याच्या झाडावरून पडतो, कोणी ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टरवरून. सगळे धावतात आणि जिथे सूज आहे तिथेच बघतात. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे: सुजेच्या खाली बघा. हात मोडला असेल तर बोटे बघा, पाय मोडला असेल तर पावलाची बोटे बघा.

असे का? हाड मोडले तर बहुधा जुळते. हातपाय कायमचा जातो तो रक्त पोचत नाही म्हणून. रक्त थांबले तर साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात. आपल्याकडे डांबरी रस्त्यापर्यंत झोळीने यायलाच कधीकधी तीन-चार तास लागतात. म्हणजे रुग्णालयाचा अर्धा वेळ आपल्याच हातात असतो.

तपासणी सोपी आहे. पहिले, नख दाबून सोडा. ते पांढरे होऊन दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. सावळ्या कातडीवर फिकेपणा पटकन दिसत नाही, म्हणून नख. दुसरे, बोटांना हळूच स्पर्श करून विचारा, "कळतंय का?" तिसरे, "बोटं हलव" म्हणा. आणि प्रत्येक वेळी चांगल्या बाजूशी ताडून बघा: गार आहे का, बधिर आहे का? आधार बांधण्यापूर्वी एकदा, बांधल्यावर एकदा, आणि मग वाटेत दर अर्ध्या तासाने.

आता कामट्यांबद्दल. एका पाड्यावर नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा हात मोडला. बांबूच्या कामट्या लावून तो आवळून बांधला गेला. मुलगा रात्रभर रडला. "हाड बसतंय, दुखणारच," असे घरच्यांना वाटले. तिसऱ्या दिवशी बोटे काळी पडली होती. जीव वाचला, हात कोपराखाली कापावा लागला. हाड साधेच मोडले होते.

म्हणून हे लक्षात ठेवा: आधार दिल्यावर दुखणे कमी झाले पाहिजे. ते वाढतच गेले, बोटे नुसती सरळ केली तरी रुग्ण किंचाळला, तर आत दाब वाढतो आहे. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नका; नाडी असूनही स्नायू मरत असतात. बांधलेले सगळे ताबडतोब सोडा, हातपाय छातीच्या पातळीवर ठेवा आणि निघा. सकाळची वाट बघू नका.

हाडवैद्याशी भांडू नका. लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे आणि मध्यरात्री तेच भेटतात. नम्रपणे सांगा, "बाबा, बोटं उघडी ठेवा, सूज वाढायला जागा ठेवा, आणि बोटं गार पडली तर मला हाक मारा." पुष्कळ जण ऐकतात.

आणखी तीन ठिकाणी थांबू नका. मांडीचे हाड मोडले तर बाहेर थेंब न दिसताही आत लिटरभर रक्त साचू शकते. घाम, तहान, जलद नाडी दिसली की धोका. जखमेतून हाड दिसत असेल तर ते आत ढकलू नका, हळद किंवा पाला लावू नका. स्वच्छ कापडाने झाका. त्याला धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविक लवकर मिळायला हवे. आणि पडल्यावर मान किंवा पाठ दुखते, पाय हलत नाहीत, मुंग्या येतात, असे असेल तर झोळी वापरू नका. झोळीत पाठ वाकते. दाराची फळी घ्या. चौघांनी मिळून डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून एकदम वळवा. एकाने १०८ ला फोन करावा आणि गाडी कुठवर येईल ते ठरवून घ्यावे.

न पडताही हाडे-सांधे दुखतात. मुलाला ताप आहे, एक सांधा गरम आणि सुजलेला आहे, मूल पाय टेकू देत नाही, तर ती मुरगळ समजून चोळू नका. सांध्यात पू झाला असेल तर थोड्या दिवसांत सांधा कायमचा नासतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि आपल्या समाजात सिकलसेल आहे. त्याच्या रुग्णाचे हातपाय, पाठ अचानक असह्य दुखू लागतात. तान्ह्या मुलांचे पंजे आणि पावले सुजतात. त्याला "सोंग करतो" म्हणू नका. ऊब द्या, पाणी पाजा, बर्फ लावू नका. सोबत ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर तातडीने रुग्णालयात न्या आणि तिथे पहिल्यांदा सिकलसेल कार्ड दाखवा.

लूककृत शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी तुम्हांला ठाऊक आहे. याजकानेही त्या जखमी माणसाला पाहिले, लेव्यानेही पाहिले. शोमरोनी मात्र जवळ गेला. जखमा बांधल्यावरही त्याने त्याला सोडले नाही. स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि पुढचीही सोय केली. बांधणे ही त्याच्या सेवेची सुरुवात होती. आपलेही तसेच असावे: बांधा, पुन्हा बघा, पोचवा, आणि घरी आल्यावर विचारपूस करा.

आज घरी गेल्यावर आपल्या मुलांची, शेजाऱ्यांची नखे दाबून बघा. निरोगी बोट कसे दिसते हे हाताला माहीत असेल, तर रात्री बॅटरीच्या उजेडातही बिघडलेले बोट ओळखता येईल.

प्रभु तुमच्या हातांना आशीर्वाद देवो.