बदललेला सांधा पुन्हा बदलताना



वसंतातल्या या प्रसन्न संध्याकाळी खुब्याच्या हाडावर बोलायला कोणी उभा राहील, असे आपणांस वाटले नसेल. पण मघाशी दारात उभा होतो, तेव्हा किती मंडळी काठी टेकीत आली ते पाहिले, आणि विषय अगदीच अस्थानी नाही याची खात्री पटली. मी डॉक्टर नाही. शस्त्रक्रिया कशी करावी हे मी सांगणार नाही. ती दुसऱ्यांदा करावी लागली तर पैसे कोणी मोजायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून त्यांनी खुबा बदलून घेतला. आठ वर्षे बरी गेली, मग मांडी ठणकू लागली. क्ष-किरणाचे चित्र पाहून डॉक्टर म्हणाले, "सांधा सैल झाला आहे, काढून दुसरा बसवावा लागेल." बाईंनी विचारले, "पहिल्याचे पैसे त्यात वळते होतील ना?" डॉक्टर हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. घरचा मिक्सर बिघडला तर दुकानदार निदान हमीपत्र तरी पाहतो; हाडात ठोकून बसवलेल्या वस्तूचे हमीपत्र बाईंना कोणी दिलेच नव्हते.

शिवाय दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा महाग असते. पहिल्या वेळी शल्यविशारदाला धड हाड मिळते. दुसऱ्या वेळी जुना भाग आणि त्याचे सिमेंट उकरून काढावे लागते, झिजलेल्या हाडाची भर घालावी लागते आणि लांब दांड्याचा, वेगळ्या घडणीचा सांधा आणावा लागतो. २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याला कर सोडून ५४,७२० रुपये आणि पुनर्शस्त्रक्रियेच्या सांध्याला १,१३,९५० रुपये ठरवले. म्हणजे दुपटीहून अधिक, आणि ही नुसत्या वस्तूची किंमत. हा हुकूम गुडघ्यापुरता होता. खुबा त्यात नव्हता.

सांधा कधीतरी झिजायचाच, हे खरे. पण तो मुळातच सदोष असेल तर? जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीचा 'एएसआर' नावाचा खुबा होता. धातूच्या वाटीत धातूचाच गोळा. दोन्ही एकमेकांवर घासून कोबाल्ट-क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटत, ते रक्तात उतरत आणि भोवतालचे मांस नासवीत. ऑस्ट्रेलियात २००९ च्या अखेरीस तो बाजारातून काढला गेला आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून. आपल्या देशात तो बसवण्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २०११ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत गुन्हा नोंदवला. चाचण्यांचा आणि पुनर्शस्त्रक्रियेचा खर्च कंपनी देऊ लागली, पण त्यासाठी रुग्ण सापडायला हवेत! सुमारे १,०८० जणांचा पत्ता लागला. बाकीचे कोठे आहेत, कोणाच्या मांडीत ती वाटी अजून घासते आहे, याची नोंदच नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये या खुब्यापायी सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. आपल्याकडे तज्ज्ञसमितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. निदान २० लाख रुपये द्यावेत, असे तीत म्हटले होते. पुढच्या समितीने ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंतचे गणित मांडले. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे कंपनीने ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी दाखवली. सांधा मागे घेतल्याला तेव्हा नऊ वर्षे होत आली होती.

याच शास्त्राचा जनक, लँकेशायरातल्या राइटिंग्टन रुग्णालयाचा जॉन चार्नली. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याने टेफ्लॉनच्या वाट्या वापरून सुमारे तीनशे खुबे बसवले. थोड्याच वर्षांत ते झिजले. चार्नलीने दोष रुग्णाच्या हाडावर ढकलला नाही. ते सांधे तो स्वतः काढीत बसला, आणि टेफ्लॉनचे तुकडे आपल्या मांडीत घालून शरीर त्यांना कसे वागवते ते पाहिले. १९६२ मध्ये त्याने पॉलिथिलिनची वाटी वापरली, ती टिकली. त्या रुग्णांना दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी घर गहाण ठेवावे लागले नाही, कारण इंग्लंडात १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा होती. चार्नलीच्या सचोटीइतकेच या दुसऱ्या गोष्टीचे मोल आहे असे मला वाटते.

आपल्याकडे काय आहे? विमा आहे, पण दुखू लागल्यावर घेतला तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवता येते, असा २०२४ पासूनचा नियम आहे. तीन वर्षे काठीवर! सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २०२४ मध्ये आयुष्मान योजना उत्पन्नाची अट न ठेवता खुली झाली. आपले रुग्णालय तीत आहे काय आणि पुनर्शस्त्रक्रिया तीत बसते काय, हे आधी लेखी विचारून घ्यावे. सदोष वस्तूबद्दल उत्पादकाकडून भरपाई मागण्याची तरतूद २०१९ च्या ग्राहक कायद्यात आहे. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सबळ कारण दाखवले तर विलंब माफ होऊ शकतो. तेव्हा दुखणे अंगावर काढू नये.

बाईंनी अखेर राहत्या घरावर कर्ज काढले. तक्रार करावी म्हणून मी त्यांना कागद मागितले, तर बिलावर नुसते 'इम्प्लांट' एवढेच लिहिलेले. कोणत्या कंपनीचा, कोणत्या खेपेचा, काही नाही. काढलेला सांधाही रुग्णालयाने ठेवला नव्हता.

सांध्याच्या खोक्यात लहान चिकटचिठ्ठ्या असतात. त्यांवर कंपनी, आकार आणि खेपेचा क्रमांक छापलेला असतो. एक रुग्णालयाच्या कागदावर लागते. दुसरी आपण मागून घ्यावी, शिधापत्रिकेच्या पाकिटात ठेवावी, आणि ती कोठे आहे ते मुलांना सांगून ठेवावे. बाईंच्या दुसऱ्या खुब्याची चिठ्ठी मी स्वतः मागून आणली आहे.